प्लग-इन हायब्रिडचं ॲक्सिलरेटर पेडल: स्कॅनर म्हणतो पी२१३८, शोरूम म्हणते ६८ हजार

माटुंगा_पूर्व | १६ जुलै, रात्री १०:४१

लोकहो, आधीच सांगतो, गाड्यांतलं मला चालवण्यापलीकडे काही कळत नाही. गाडी युरोपीय बनावटीची प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही आहे, २०१९ची, दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतलेली. ६१ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, शोरूमशी अजून संसार करायचाय.

गेल्या शनिवारी आईला घेऊन वांद्र्याहून गिरगावात चाललो होतो. सी लिंकच्या मध्यावर पिकअप एकदम गेला. पेडल तळापर्यंत दाबलं तरी गाडी ताशी तीसच्या वर जाईना. इंजिनचा पिवळा दिवा लागला, पॉवर कमी केल्याची सूचना आली. बॅटरी ७० टक्के होती, गाडी विजेवर चालली होती, तरी पेट्रोल इंजिन आपणहून सुरू झालं. सी लिंकवर थांबायची सोय नाही, म्हणून चारही इंडिकेटर लावून डावीकडून रांगत वरळीला उतरलो. दहा मिनिटं गाडी बंद ठेवली, परत सुरू केली, तर साळसूदासारखी चालायला लागली. आई म्हणाली, "तुझ्या बाबांच्या फियाटला निदान धक्का तरी मारता यायचा."

शोरूमने स्कॅन मारला. कोड पी२१३८. "पेडल असेंब्ली बदलावी लागेल, ६८ हजार. त्यानेही नाही गेलं तर हायब्रिडचा कंट्रोलर बघू." त्या 'बघू'चा भाव विचारायची माझी हिंमत झाली नाही. पेडल बदलल्यावर नक्की जाईल का विचारलं, तर उत्तर आलं, "सर, इलेक्ट्रॉनिक्स आहे."

कोड पुसून गाडी घरी आणली. काल सकाळी बिल्डिंगच्या गेटबाहेर पडतानाच परत तेच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हँडब्रेक | १६ जुलै, रात्री १०:५८

६८ हजारांत आमच्या तीर्थरूपांनी अख्खी गाडी घेतली होती, पेडलांसकट. चहा घेऊन बसतो.

काकडआरती | १७ जुलै, पहाटे ५:१२

आमच्या पद्मिनीत पायापासून कार्ब्युरेटरपर्यंत सरळ लोखंडी नातं होतं. अडकलं तर बॉनेट उघडून डोळ्यांनी दिसायचं. कुर्ल्यात बनायची ती गाडी, कुर्ल्यातच दुरुस्त व्हायची. २०२३च्या ऑक्टोबरात शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. धाग्याशी संबंध नाही, पण सकाळी सकाळी आठवण आली.

तडजोड_नाही | १७ जुलै, सकाळी ९:३०

पैशाकडे बघू नका. आई बसली होती गाडीत. ॲक्सिलरेटर ही खेळायची वस्तू नाही. शोरूम म्हणते तर पेडल बदला आणि मोकळे व्हा. हे माझं मत.

ओहमकन्या | १७ जुलै, दुपारी १:२०

माटुंगा, बदलू नका. निदान आठवडाभर तरी नको. (गाड्यांच्या वायरिंगवर काम करून पोट भरते, म्हणून आगाऊपणा.)

पी२१३८ हा कोड "पेडल खराब" असं म्हणत नाही. पेडलच्या दोन सेन्सरांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच तो सांगतो. दोन साक्षीदारांच्या जबान्या वेगळ्या आल्या. यातला खोटा कोण, की दोघंही खरे आणि लिहून घेणारा कारकून बहिरा, हे कोडमध्ये नसतं.

तुमच्या गाडीत पेडल इंजिनला थेट काही सांगत नाही. ते हायब्रिडच्या कंट्रोलरकडे मागणी नोंदवतं: इतका जोर हवा. त्यातला किती मोटरने द्यायचा, किती इंजिनने, हे कंट्रोलर ठरवतो. म्हणून तुमची गाडी विजेवर असतानाही मेली. दोष इंजिनच्या थ्रॉटलमध्ये (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत) असता तर विजेवर गाडी अशी रांगली नसती, आणि कोडही बहुधा पी२१३५ किंवा त्याच्या आसपासचा आला असता. त्यामुळे थ्रॉटल बॉडी साफ करून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका.

आता मला तीन गोष्टी सांगा.

फक्त पी२१३८ आहे का? सोबत पी२१२२, २१२३, २१२७, २१२८ यांपैकी काही? पहिले दोन म्हणजे पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज फार कमी किंवा फार जास्त, पुढचे दोन म्हणजे तेच दुसऱ्याचं. पी०६४१ किंवा पी०६५१ असेल तर विषयच वेगळा, सेन्सरांना मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठाच पडतोय.

कोड आला त्या क्षणाची नोंद कंट्रोलरमध्ये साठवलेली असते. शोरूमकडून ती मागा. त्यात पेडल किती टक्के होतं, ब्रेक दाबल्याचं दिसतंय का, १२ व्होल्टची बॅटरी किती होती, हे मिळेल. ब्रेकचा स्विच बिघडला तर कंट्रोलरला वाटतं दोन्ही पेडलं एकदम दाबलीत, आणि तो ब्रेकचं ऐकून जोर काढून घेतो. ड्रायव्हरला दोन्ही आजार सारखेच वाटतात.

आणि तिसरं: हे कधी होतं? पावसानंतर? सकाळी? खड्ड्यात आपटल्यावर?

कसारा_लोकल | १७ जुलै, दुपारी २:०५

बाळबोध प्रश्न. एका पेडलला दोन सेन्सर कशाला?

ओहमकन्या | १७ जुलै, दुपारी २:४४

बाळबोध नाही. एकच सेन्सर असता आणि त्याची तार कुठे ५ व्होल्टला चिकटली, तर गाडीला वाटलं असतं पेडल पूर्ण दाबलंय. तुम्ही मात्र सिग्नलला उभे. म्हणून दोन सेन्सर; दोघांचा पुरवठा वेगळा, अर्थ (म्हणजे करंट परत नेणारी तार) वेगळी, सिग्नल वेगळा. म्हणजे सहा तारा. आणि दोघांचे आकडे मुद्दाम वेगळे ठेवतात. बऱ्याच गाड्यांत दुसरा सेन्सर पहिल्याच्या निम्मा व्होल्टेज देतो. काही टोयोटा गाड्यांत दुसरा पहिल्याच्या सुमारे ०.८ व्होल्ट वर चालतो. दोन सिग्नलच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर आकडे सारखे होतात आणि चोरी लगेच पकडली जाते.

जुळत नसेल तर कंट्रोलर साधारणपणे कमी मागणीचा आकडा खरा धरतो आणि जोर कापतो. गाडी रांगली म्हणजे ती बिघडली असं नव्हे, ती शहाण्यासारखी वागली.

हँडब्रेक | १७ जुलै, दुपारी २:५०

आमच्या ऑफिसात दोन वरिष्ठांचं जुळलं नाही की आम्हीही कमी मागणीचा आकडा खरा धरतो.

कुर्ल्याचा_पाना | १७ जुलै, रात्री ११:१५

भाऊ, मी गॅरेजवाला माणूस, लिहायला आळस. तरी एक किस्सा. गेल्या वर्षी एक गाडी आली, हाच प्रॉब्लेम, दोन गॅरेज फिरून आलेली, पेडल नवीन टाकलेलं. मी ५ व्होल्ट मोजले तर ३ मिळतायत. एकेक कपलर (तारांचा जोड) काढत गेलो. एसीचा प्रेशर सेन्सर काढला आणि ५ व्होल्ट परत आले. त्या गाडीत एसीचा सेन्सर आणि पेडल एकाच लायनीवर. एसीचा सेन्सर आतून शॉर्ट, आणि शिव्या खाल्ल्या पेडलने.

दुसरं, उंदीर. सोसायटीत कचऱ्याच्या डब्याशेजारी गाडी उभी असेल तर आधी बॉनेट उघडा. घुशीने वायर खाल्ली असेल तर स्कॅनरचा बाप आला तरी सांगणार नाही.

केशरी केबलला हात नाय लावायचा. ती हाय व्होल्टेज आहे. पेडलचं काम ५ व्होल्टचं, त्याला घाबरू नका.

माटुंगा_पूर्व | १८ जुलै, रात्री ९:३०

ओहमकन्या ताई, शोरूमवाल्याला दोनदा फोन केल्यावर नोंद व्हॉट्सॲपवर आली. कोड एकच, पी२१३८. पेडल ० टक्के, ब्रेक दाबलेला नाही, बॅटरी १४.१ व्होल्ट, वेग ताशी ५२.

कधी होतं, याचा विचार केल्यावर मीच चमकलो. तिन्ही वेळा आदल्या रात्री जोरदार पाऊस होता (तिसरी वेळ आज सकाळी). जूनच्या कोरड्या आठवड्यात एकदाही नाही. पण सी लिंकवर गाडीत पाणी कुठून येणार? पाणी तुंबतं त्या हिंदमातावरून मी गेलो नव्हतो. बाहेर गुडघाभर पाण्यातून गाडी नेलेलीच नाही.

पाना दादा, उंदीर बघितले. नाहीत. मांजर आहे एक.

ओहमकन्या | १८ जुलै, रात्री १०:१०

पेडल शून्यावर असताना कोड आला, ही सोन्यासारखी माहिती आहे. म्हणजे तुम्ही पाय उचलला होता तेव्हा आकडे फाकले. लक्षात ठेवा, परत येईन यावर.

मोजायची तयारी आहे? मल्टिमीटर लागेल, लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळेल. जमलं तर काट्याचा जुना मीटरही आणा. डिजिटल मीटर सेकंदात दोन-तीनदा आकडा बदलतो, मधली क्षणभराची उडी त्याला दिसत नाही. काटा मात्र थरथरतो. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) असेल तर प्रश्नच मिटला, पण तो घराघरात नसतो.

गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला विटा. ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्टचं बटण दाबून फक्त इग्निशन चालू करा. बऱ्याच गाड्यांत दोनदा दाबावं लागतं. 'रेडी' दिवा लागता कामा नये. हायब्रिड रेडी असली तरी आवाज करत नाही. तुम्ही पेडलशी डोकं घालून बसलेले असताना ती निघाली तर पंचाईत. अर्ध्या तासापेक्षा जास्त असं ठेवू नका, १२ व्होल्टची बॅटरी उतरली की खोटेच दहा कोड उगवतील.

कपलर काढायचा नाही. तारेच्या मागच्या बाजूने, रबराच्या कडेने बारीक टाचणी सरकवून मोजायचं. तारेचं वेष्टण टोचायचं नाही, मुंबईच्या हवेत त्या भोकातून दोन पावसाळ्यांत तार सडते.

दोन्ही पुरवठे, दोन्ही अर्थ, दोन्ही सिग्नल. पेडल सोडलेलं आणि पूर्ण दाबलेलं. मीटरची काळी तार बॉडीला. आणि हो, हे रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळी मोजा, ऊन पडल्यावर नव्हे. आजारी माणूस बरा झाल्यावर ताप मोजून उपयोग नाही.

तडजोड_नाही | १९ जुलै, सकाळी ८:००

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवीन पेडल टाकून बघायला काय हरकत आहे? माझ्या मेव्हण्याच्या गाडीत बदललं आणि प्रश्न सुटला.

ओहमकन्या | १९ जुलै, सकाळी ८:५५

किती दिवसांसाठी सुटला?

टोमणा नाही. पेडल बदलताना कपलर काढून परत बसवतात. त्या घासण्याने पिनांवरचा मळ निघतो, ढिली पिन जरा घट्ट बसते. गाडी पंधरा दिवस, महिनाभर झकास चालते आणि श्रेय मिळतं नव्या पेडलला. मग परत कोड आला की कंट्रोलर बदलायचा. म्हणून आधी मोजायचं. मोजून पेडल खराब निघालं तर पहिली मीच म्हणेन, बदला. तेव्हा मात्र भंगारातलं जुनं नको, आणि पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घ्या. बाहेरून सारखी दिसणारी पेडलं आतून वेगळे व्होल्टेज देतात.

माटुंगा_पूर्व | २० जुलै, दुपारी १२:०५

रात्रभर कोसळत होता. सकाळी सहाला छत्री, टॉर्च आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातल्या टाचण्या घेऊन खाली उतरलो. वॉचमनला वाटलं मी गाडी चोरतोय.

पुरवठा दोन्ही ५.०० व्होल्ट.
पहिला सिग्नल: सोडलेलं ०.७९, पूर्ण दाबलेलं ३.९५.
दुसरा सिग्नल: सोडलेलं ०.६२, पूर्ण दाबलेलं २.१२.
पहिली अर्थ ०.०१. दुसरी अर्थ ०.२४.

काट्याचा मीटर सावकाश पेडल दाबताना कुठेही थरथरला नाही. दुसरा सिग्नल निम्मा हवा ना? मग ०.६२ चूक दिसतंय. म्हणजे दुसरा सेन्सर गेला?

ओहमकन्या | २० जुलै, दुपारी १२:४०

नाही! तुम्ही उत्तर स्वतःच लिहिलंय आणि त्यावरून पुढे निघून गेलात. दुसरी अर्थ ०.२४.

निम्म्याच्या हिशोबाने दुसऱ्याने सोडलेलं असताना ०.३९५ आणि पूर्ण दाबल्यावर १.९७५ द्यायला हवं. तुमचे आकडे अनुक्रमे सव्वादोन दशांश आणि दीड दशांश व्होल्टने वर आहेत. म्हणजे चूक खालच्या टोकाला मोठी आणि वरच्या टोकाला लहान. ही अर्थच्या तारेतल्या अडथळ्याची सही आहे. सेन्सरचा पायाच ०.२४ने उचलला गेलाय, आणि तो त्या उचललेल्या पायापासून ५पर्यंतच्या जागेत मोजतोय. जितकं वर जाल तितकी जागा कमी, म्हणून चूकही कमी. अडथळा ५ व्होल्टच्या तारेत असता तर उलटं झालं असतं: सोडलेलं असताना जवळपास बरोबर आणि दाबलं की आकडा कमी पडत गेला असता.

आता ते "पेडल ० टक्के" आठवा. पाय उचललात तेव्हाच कोड का आला, ते कळलं? चूक तिथेच सर्वांत मोठी असते.

०.६२ हा आकडा सेन्सरच्या शक्य मर्यादेतच आहे, म्हणून पी२१२८ आला नाही. एकटा बघितला तर तो निर्दोष वाटतो. शेजाऱ्याशी ताडून बघितल्यावर पितळ उघडं पडतं.

सेन्सर ठीक आहे. काटा थरथरला नाही, आकडे सरळ रेषेत आहेत. पेडलपासून कंट्रोलरपर्यंत दुसऱ्या अर्थच्या तारेत कुठेतरी पाणी किंवा कळंक आहे. शोधा.

कुर्ल्याचा_पाना | २० जुलै, दुपारी १:३०

बरोबर. शोधत कशाला बसता, त्या पिनेपासून बॉडीला नवीन अर्थ मारा. दहा मिनिटांचं काम.

ओहमकन्या | २० जुलै, दुपारी १:४८

पाना दादा, तुमच्या एसीच्या किश्शाला सलाम, पण हे नको. सेन्सरची अर्थ बॉडीला जात नाही, कंट्रोलरच्या आतल्या स्वच्छ अर्थला जाते. बॉडीतून पंखा, दिवे, पॉवर स्टिअरिंग, सगळ्यांचा करंट परतत असतो. तिथे अर्थ मारलीत तर पंखा वाढवला की पेडलचा आकडा हलायला लागेल. आणि आतली सडकी जागा तशीच सडत राहील, आज अर्थ, उद्या सिग्नल.

कुर्ल्याचा_पाना | २० जुलै, दुपारी २:१०

मान्य. जुन्या गाड्यांची सवय.

माटुंगा_पूर्व | २० जुलै, संध्याकाळी ७:२५

पेडलचा कपलर बघितला (इग्निशन बंद करून). लखलखीत कोरडा. हिरमुसलो. मग ड्रायव्हरच्या बाजूची रबरी मॅट उचलली, कार्पेट दाबलं आणि स्पंजासारखं पाणी वर आलं! वरून कार्पेट कोरडं, खालचा फोम चिंब. एरवी मॅटमुळे कळलंच नसतं.

दाराशेजारच्या प्लॅस्टिकच्या पॅनलमागे, जमिनीला लागून एक मोठा कपलर आहे. उघडला. एका पिनेवर हिरवट पांढरा थर, बिनकल्हईच्या भांड्यात ठेवलेल्या ताकासारखा कळकलेला. तारेचा रंग पेडलच्या दुसऱ्या अर्थचाच.

पाणी आलं कुठून ते आमच्या सोसायटीतल्या पर्जन्यवृक्षाला विचारा. मी कौतुकाने त्याच्या सावलीत गाडी लावतो. वायपरखालच्या जाळीत त्याची बारीक पानं आणि फुलांचे तुरे गच्च बसून खत झालं होतं. उजव्या बाजूचा निचरा पूर्ण बंद. पाणी साचून एसीच्या हवेच्या वाटेने आत उतरत होतं.

काकडआरती | २० जुलै, रात्री ८:००

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा आमच्या गाडीत सीटपर्यंत पाणी होतं. ती वाळवून पुढे सात वर्षं चालवली. तुमची गाडी झाडाच्या पानांनी आडवी पडली.

कसारा_लोकल | २० जुलै, रात्री ८:२०

कल्हईवरून आठवलं. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून अमेरिकेत गदारोळ झाला होता, तेव्हा नासाच्या लोकांनी पेडलं उघडून बघितली होती ना?

ओहमकन्या | २० जुलै, रात्री ९:०५

हो, अहवाल २०११चा. जुन्या घासणाऱ्या पद्धतीच्या पेडल सेन्सरांत त्यांना कथिलाच्या मिशा सापडल्या. कथिलाच्या शुद्ध मुलाम्यातून केसापेक्षा बारीक तंतू आपोआप वाढतात. एका पेडलमध्ये अशा मिशीने दोन सिग्नल एकमेकांना जोडले होते. गाड्या भरधाव सुटण्याचं कारण मात्र त्यांना इलेक्ट्रॉनिक्समध्ये सापडलं नाही. कंपनीने गाड्या परत बोलावल्या त्या पेडलमध्ये अडकणाऱ्या मॅट आणि चिकटणारी पेडलं यांच्यासाठी. म्हणून माटुंगा, नवीन रबरी मॅट आणाल ती हुकात अडकणारीच आणा, एकावर एक दोन टाकू नका.

तुमच्या गाडीत बहुधा चुंबकाचा सेन्सर असणार, त्यात घासणारं काही नसतं.

आता कपलर: बॅटरीची ऋण तार काढा, काँटॅक्ट क्लीनरने धुवा, मऊ ब्रशने घासा. पॉलिश पेपर नको, मुलामा निघेल. गंज सोडवायचा तेलकट स्प्रेही नको. पिन खाल्ली गेली असेल तर पिन बदलून घ्या, पाना दादा करतील. कार्पेट उचलून फोम पूर्ण वाळवा, नाहीतर पंधरवड्यात हाच धागा वर येईल.

माटुंगा_पूर्व | २७ जुलै, रात्री १०:१५

पाना दादांच्या गॅरेजात जाऊन आलो. पिन आणि सहा इंच तार बदलली. कार्पेट दोन दिवस पंख्याखाली. मजुरी, पिन आणि चहा धरून २२०० रुपये, त्यातही चहा त्यांनीच पाजला.

परवा रात्री धो धो पडला. आज पहाटे परत मोजलं: दुसरी अर्थ ०.०१, दुसरा सिग्नल ०.४० आणि १.९८. नंतर आईला घेऊन सी लिंकवरून कोस्टल रोडने गिरगावपर्यंत जाऊन आलो. कोड नाही.

तडजोड_नाही | २७ जुलै, रात्री १०:४०

अभिनंदन. मेव्हण्याला फोन केला होता. त्याचा कोड महिन्याभरात परत आला होता, त्याने मला सांगितलं नव्हतं. त्याच्याकडेही पी२१३८च. ओहमकन्या, त्याला इथेच लिहायला सांगू की नवा धागा काढू?

ओहमकन्या | २७ जुलै, रात्री १०:५२

नवा काढा. आणि त्याला सांगा, मोजल्याशिवाय लिहू नको.

हँडब्रेक | २७ जुलै, रात्री ११:०१

वाचनखूण साठवली. माटुंगा, गाडी आता कुठे लावता?

माटुंगा_पूर्व | २७ जुलै, रात्री ११:०६

त्याच झाडाखाली. दुसरी जागाच नाही. रविवारी सकाळी जाळी साफ करतो, वॉचमन टॉर्च धरतो.